गाडीजवळचा ठिपका

"हे असलं धूसर काय लावलंय?" अभिनंदन मगदूमनं पडद्यावरच्या स्वतःच्या चेहऱ्याकडं बोट दाखवलं. "सिक्स-के कॅमेरा म्हणून सांगितलं होतं ना तुम्ही? याच्यापेक्षा माझा मोबाईल बरा."

आमच्या स्टुडिओचा मालक रणजित थोरात घाईघाईनं पुढं झाला. "तसं नाही साहेब. ही एक तात्पुरती पद्धत असते. सुरेखा, सांग की साहेबांना."

रणजितला ते सांगता येणार नव्हतं. प्रॉक्सी, म्हणजे कामापुरती हलकी नक्कल, हा शब्दही त्याला धड येत नसे, तो 'प्रॉस्की' म्हणायचा. जयसिंगपुरातला सगळ्यात महाग कॅमेरा त्यानं घेतला होता आणि हळदीकुंकवालासुद्धा तो गळ्यात घालून जायचा. पण त्या कॅमेऱ्यातून निघणारं चित्रण ज्याच्यावर कापायचं, तो माझ्यासमोरचा संगणक कुठल्याशा बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आणलेला होता. चुलीवर चहाचं आधण ठेवावं तसा तो चालू करून आपण दुसऱ्या कामाला लागायचं.

"मूळ फाईल फार जड असते," मी म्हणाले. "हा संगणक ती ओढू शकत नाही. म्हणून प्रत्येक फाईलची एक हलकी नक्कल करून घ्यायची. तिच्यात चित्र बारीक होतं म्हणून धूसर दिसतं. आवाज आहे तसाच राहतो. कापायचं, जोडायचं सगळं नकलेवर. काम पुरं झालं की नक्कल काढायची आणि त्या जागी मूळ फाईल लावायची. तुमच्या हातात पडेल ती मुळावरूनच काढलेली फिल्म."

"म्हणजे हे डुप्लिकेट."

"डुप्लिकेट म्हणा."

"मग ओरिजिनल दाखवा."

"दाखवते. पण अडकत अडकत चालेल."

"राहू दे." तो रणजितकडं वळला. "कॅमेऱ्यावर एवढा खर्च करता, जरा कामाला माणसं पण धड ठेवत जावा." मग त्यानं ड्रोनखाली स्वतः गाडीतून उतरतानाचा शॉट तीनदा बघितला, तो संथ गतीत टाकायला सांगितला आणि गेला. जाताना दार लावायचं त्याला सुचलं नाही.

प्री-वेडिंग नावाचा तो प्रकार मला पहिल्यापासून ओकारी आणायचा. ज्या घरातली पोरगी मोठ्यांसमोर पाय पसरून बसत नाही तिला भाड्याचा गाऊन घालायचा, ऊसदरावर भांडणाऱ्या घरातल्या पोराला मखमली ब्लेझर घालायचा, मागं रंगीत धूर सोडायचा आणि दोघांना सांगायचं, आता एकमेकांच्या डोळ्यांत बघा. डोळ्यांत काही नसायचं. ते असल्यासारखं वाटावं म्हणून वर गाणं घालायला मी होते. वर्षानुवर्षं मी ते करत होते आणि माझं मत कुणी विचारत नव्हतं.

मगदुमांचं काम त्यातलंच. नवरा मुलगा पुण्यात बांधकाम कंपनीत इंजिनिअर. वडील भूपालराव, गावातल्या एका पतसंस्थेचे चेअरमन, पांढऱ्या सफारीतला माणूस. मुलगी शर्वाणी चौगुले, दूध संघाच्या लॅबमध्ये कामाला. चित्रीकरण पवनचक्क्यांच्या पठारावर झालं होतं. मुलाच्या ब्लेझरच्या आत कॉलर माईक लावला होता, कारण फिल्ममध्ये त्याचे चार प्रेमाचे संवाद टाकायचे होते. ते कुणीतरी लिहून दिले होते आणि त्यानं कोऱ्या चेहऱ्यानं म्हटले होते.

तो गेल्यावर मी उरलेल्या नकला बघायला घेतल्या. मला सगळं ऐकायची सवय आहे. रणजितला ती सवय म्हणजे वेळ घालवणं वाटायचं. पुढचा शॉट शर्वाणीचा एकटीचा होता. कॅमेरामननं रुंद भिंग लावलं होतं, सगळं पठार दिसावं म्हणून. मध्ये ती, पिवळ्या गाऊनमध्ये, गोल फिरत होती. मागं पवनचक्की, डाव्या कोपऱ्यात लांबवर त्यांची चॉकलेटी गाडी. ती फिरता फिरता थांबली, कुठंतरी बघून हसली आणि तिनं हात हलवला.

हेडफोनमध्ये मात्र अभिनंदनचा आवाज होता. माईक अंगावर आहे हे तो विसरला होता.

"अगं अर्चू, ऐक तर. रजिस्टर लग्न झालंय ना आपलं? मग? हे घरच्यांच्या समाधानासाठी... नाही गं. महिनाभरात हिला इथं आईजवळ ठेवतो आणि मी तिकडं आपल्या घरी. हिला काय कळतंय? दिवसभर दुधातलं फॅट बघणारी पोरगी. रडू नकोस. रडू नकोस म्हणतोय ना."

मी तो तुकडा पुन्हा ऐकला आणि रणजितला हाक मारली. त्यानं हेडफोन लावून ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं.

"आवाज बंद कर आणि गाणं टाक," तो म्हणाला.

"रणजितभाऊ, याचं एक लग्न झालेलं आहे."

"मला काय बहिरा समजतेस? ऐकलं मी. भूपालराव इथले चेअरमन आहेत. त्यांच्या घरची आणखी दोन लग्नं आहेत यंदा. आपण फिल्म करणारी माणसं. लग्नं जुळवत नाही आणि मोडत पण नाही."

"आणि ती मुलगी?"

"तिच्या घरात माणसं आहेत की चौकशी करायला." मग जरा मऊ आवाजात, जसं काही मला शिकवतोय असं, तो म्हणाला, "सुरेखा, धंद्यात कान उघडे ठेवायचे नसतात."

या माणसाच्या हाताखाली मी इतकी वर्षं काम केलं याचं मला त्या क्षणी फार नवल वाटलं.  तो गेल्यावर मी शर्वाणीला फोन केला. नंबर तिनंच दिला होता, फिल्मसाठी तिच्या आवडीचं गाणं कळवायला. मी म्हटलं, दुपारच्या सुट्टीत एकटीच येऊन जा.

ती पांढऱ्या लॅबकोटावरच आली. मी तिला काही समजावून सांगितलं नाही, फक्त हेडफोन दिले. खरं सांगायचं तर गाऊन घालून गोल फिरणाऱ्या मुलींबद्दल माझं जे मत होतं तेच तिच्याबद्दल होतं. ती रडेल, मग माझ्यावर चिडेल, मग सगळं खोटं आहे म्हणेल, अशी मी तयारी ठेवली होती.

तिनं ऐकलं. हेडफोन काढले नाहीत. "परत लावा," म्हणाली. पुन्हा ऐकलं. मग पडद्याजवळ तोंड नेऊन तिनं डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"गाडीजवळ हा ठिपका काय आहे?"

"तोच असणार. पण नकलेत ओळखू येत नाही. ब्लेझरही चॉकलेटी आणि गाडीही."

"मुळात ओळखू येईल?"

"येईल. मोठं करून बघितलं तर नक्की येईल. पण मूळ डिस्क रणजितभाऊंच्या कपाटात असते. किल्ली त्यांच्याकडं. या कामासाठी ते देणार नाहीत."

ती खुर्चीत मागं टेकली. "आमच्याकडं कुणी नुसतं ऐकून विश्वास ठेवणार नाही," ती म्हणाली. "वडील गेल्यापासून घरात काका ठरवतात. हे स्थळ त्यांनीच आणलंय. मी जाऊन सांगितलं तर म्हणतील, पोरीच्या मनात दुसरं कुणीतरी आहे."

"मग?"

"रविवारी सकाळी सगळ्यांना इथं घेऊन येते. ट्रेलर बघायला. तुम्ही फक्त हा शॉट लावा. बाकी माझं मी बघते." दारापर्यंत जाऊन ती वळली. "तुमची नोकरी जाईल का?"

"माहीत नाही."

"मला पण माहीत नाही काय होईल ते," ती म्हणाली आणि लॅबला परत गेली.

रविवारी ते आले. भूपालराव आणि अभिनंदन, शर्वाणी, तिची आई, आणि काका बाळगोंडा चौगुले. काकांना भूपालरावांच्या शेजारची खुर्ची हवी होती आणि ती मिळेपर्यंत ते उभेच राहिले. शर्वाणीची आई दाराजवळच्या स्टुलावर बसली. रणजितनं बिस्किटं मागवली होती. तो मधूनमधून माझ्याकडं बघून भुवया उडवत होता, म्हणजे मी नीट वागावं.

मी शॉट लावला आणि स्पीकरचा आवाज वाढवला.

पिवळा गाऊन गोल फिरू लागला. भूपालराव "वा" म्हणाले. आणि मग खोलीत त्यांच्या मुलाचा आवाज आला, अगं अर्चू, ऐक तर.

रणजित उठून बटणांकडं धावला. शर्वाणी त्याच्या आणि टेबलाच्या मध्ये उभी राहिली. त्याला मुलीला हात लावायचा धीर झाला नाही. आवाज 'रडू नकोस म्हणतोय ना' इथपर्यंत आला आणि तुकडा संपला.

"हे काय आहे?" अभिनंदन म्हणाला. घाबरला होता, पण त्यानं चटकन तोंडावर हसू आणलं. "हा माझा आवाज नाही. हल्ली कुठल्याही चित्राला कुठलाही आवाज जोडता येतो. आणि यात मी आहे कुठं? ही एकटीच दिसतेय."

"गाडीजवळ आहात तुम्ही," मी म्हणाले.

"हा ठिपका? हा ड्रायव्हर असंल." तो वडिलांकडं वळला. "पप्पा, मी परवा येऊन बघून गेलोय. ही सगळी डुप्लिकेट फाईल आहे. या बाईनं स्वतः सांगितलंय मला. डुप्लिकेटवर काय पण करतील. रणजितभाऊ, ओरिजिनल आहे ना तुमच्याकडं? लावा ओरिजिनल. त्यात असलं काही नसणार."

भूपालराव म्हणाले, "लावा ओरिजिनल."

रणजितचा चेहरा खुलला. गिऱ्हाईकानं हुकूम दिला आणि तोही सुटकेचा. त्यानं खिशातून किल्ली काढली, कपाट उघडलं आणि डिस्क माझ्यासमोर आणून ठेवली. त्या कॅमेऱ्यात काय दिसतं हे रणजित आणि अभिनंदन या दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. एकानं तो विकत घेतला होता आणि दुसरा त्याच्यापुढं उभा राहिला होता, एवढाच त्यांचा त्याच्याशी संबंध.

मी डिस्क जोडली. नकलेच्या जागी मूळ फाईल लावली. संगणकाचा पंखा घरघरू लागला. मग चित्र आलं, आणि शर्वाणीच्या आईच्या तोंडून श्वास बाहेर पडलेला मला ऐकू आला. गाऊनच्या जाळीचा धागान् धागा दिसत होता. गवतावरचं एकेक पातं दिसत होतं.

मी डावा कोपरा पडदाभर मोठा केला.

गाडीच्या दाराला टेकून अभिनंदन उभा होता. मोबाईल कानाला लावलेला. ब्लेझरच्या खिशातला लाल रुमाल, कपाळावर लावलेली पावडर, सगळं स्वच्छ. मी फाईल चालू केली. संगणकाला ती झेपेना. आवाज सरळ चालला होता आणि चित्र धक्के खात होतं, तोंड उघडलेलं तसंच राहायचं, मग एकदम मिटलेलं दिसायचं. म्हणून मी ते थांबवलं आणि तिथून पुढं थोडं थोडं करून दाखवत गेले. 'रजिस्टर' म्हणताना त्याचे ओठ कसे झाले ते खोलीतल्या प्रत्येकानं बघितलं. 'फॅट' म्हणताना तो हसत होता. आणि 'रडू नकोस' म्हणताना त्यानं मान वर केली, समोर बघितलं आणि मोकळा हात उंच करून हलवला.

मी चित्र पुन्हा लहान केलं. पठाराच्या मध्यावर शर्वाणी त्याला उलट हात हलवत होती.



"ते मी..." अभिनंदननं सुरुवात केली.

"तू गप बस," भूपालराव म्हणाले. मग ते काकांकडं वळले. घसा साफ केला. पतसंस्थेच्या सभेत बोलतात तसं बोलायला लागले. "बाळगोंडा, पोरगं चुकलं. कामाच्या जागी ओळख झाली, वाहवत गेलं. आम्ही ते प्रकरण मिटवायलाच लागलोय. वकिलाशी बोलणं चाललंय. लग्नानंतर ताळ्यावर येतात पोरं."

म्हणजे बापालाही ठाऊक होतं. पांढऱ्या सफारीवर एक सुरकुती नव्हती.

मी काकांकडं बघत होते. मला वाटलं हा माणूस आता उठेल, खुर्ची तरी मागं सारेल. काका विचार करत होते. हिशेब मांडावा तसे त्यांचे डोळे हलत होते. मग त्यांनी विचारलं, "मिटायला किती दिवस लागतील?"

यापुढं मला त्या खोलीतल्या कुणाची चीड आली नाही. चीड यायला समोर माणूस असावा लागतो.

काकांना माझं बघणं जाणवलं असावं. ते माझ्यावर घसरले. "बाई, तुम्हाला गाणं लावायला बसवलं होतं. ऐकायला कुणी सांगितलं होतं?"

"मी तेच म्हणत होतो," रणजित म्हणाला.

शर्वाणी अभिनंदनसमोर जाऊन उभी राहिली. आवाज वर न चढवता तिनं विचारलं, "ती रडत होती का?"

"कोण?"

"अर्चना का कोण ती. फोनवर. खरंच रडत होती का?"

"तुला काय करायचंय त्याच्याशी?"

"ती तिकडं रडत होती आणि तू माझ्याकडं बघून हात हलवलास." ती थोडा वेळ त्याच्या तोंडाकडं बघत राहिली, लॅबमध्ये नळी उजेडाला धरून बघतात तशी. "मला वाटलेलं, फोन साहेबांचा असंल. काम सोडून मला हात करतोय म्हणून मला बरं वाटलं होतं."

तो खाली बघू लागला. लाज वाटून नव्हे. आता कसं सुटायचं ते तो शोधत होता.

काका म्हणाले, "शर्वाणी, तू जरा बाहेर थांब. मोठी माणसं बसून बोलतो आम्ही. पत्रिका वाटून झाल्यात. आता माघार घेतली तर गावात तोंड कुठं दाखवायचं?"

तेव्हा दाराजवळच्या स्टुलावरून शर्वाणीची आई उठली.  तिनं पदर खांद्यावर नीट घेतला.

"भाऊजी, पत्रिका मी घरोघरी जाऊन दिल्यात," ती म्हणाली. "लग्न मोडलं म्हणून सांगायला पण मीच जाईन. तुम्हाला तोंड दाखवायचं नसंल तर तुम्ही घरात थांबा." आणि लेकीला म्हणाली, "चल. चपला घाल."

दोघी गेल्या. काका तरीही उठले नाहीत. भूपालराव आणि ते कितीतरी वेळ हळू आवाजात बोलत बसले, नवरी नसलेल्या लग्नाबद्दल. समोरची बिस्किटंही त्यांनी संपवली.

शर्वाणीच्या आईनं बोलल्याप्रमाणे केलं. घरोघर गेली. कुणी विचारलं का मोडलं, तर "मुलाचं आधीच लग्न झालेलं आहे" एवढंच सांगायची आणि पाणीसुद्धा न घेता पुढच्या घराकडं वळायची. जे तोंड दाखवणार कुठं म्हणून कळवळले होते त्या काकांनी पुढं चार लोकांत सांगायला सुरुवात केली की मला पहिल्यापासून संशय होता. भूपालरावांनी वर्षाच्या आत त्या अर्चनाला सून म्हणून घरी आणलं आणि आपण कसे सुधारक विचारांचे आहोत यावर कुठंतरी भाषणही दिलं. शर्वाणीनं तिला शोधून एकदा फोन केला होता. अर्चना म्हणाली, मला सगळं माहीत होतं, तुम्हाला तो सोडणारच होता. शर्वाणीनं बरं म्हणून फोन ठेवला.

रणजितला मला काढून टाकायचं होतं. पण लग्नसराई तोंडावर होती आणि त्याच्या त्या महागड्या फायली त्या संगणकावर ओढायला दुसरं कुणी तयार होईना. सराई संपल्यावर मीच सोडलं. आता सांगलीत माझं स्वतःचं छोटं काम आहे. प्री-वेडिंग घेत नाही.

सोडण्याआधी एकदा शर्वाणी आली होती. रणजित बाहेर होता. ती खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "तो शॉट मला पाहिजे."

मला वाटलं पुरावा म्हणून मागतेय. "आवाजासकट?"

"आवाज नको. मला मी पाहिजे. त्याला काढता येईल का?"

"चौकट आत घ्यावी लागेल. डावीकडचं सगळं जाईल, गाडी, तो, रस्ता."

"चित्र बिघडंल?"

"नाही. मूळ एवढं मोठं आहे की निम्मं कापलं तरी स्वच्छच राहील."

मी मूळ फाईल लावली आणि चौकट आवळत आणली. गाडी गेली. पठारावर ती आणि पवनचक्की उरली. संगणकानं धापा टाकत तेवढा तुकडा बाहेर काढला. मग आम्ही दोघींनी तो लावून बघितला. ती फिरते, थांबते, हसते, हात वर करते.

"हात हलवायच्या आधी थांबवू का?" मी विचारलं. "पुढचं कापून टाकते."

तिनं आणखी एकदा बघितलं.

"नको, राहू दे," ती म्हणाली. "आता तिथं कोण नाही. मी कुणाला पण हलवत असीन."